जो निबंध मी लिहिलाच नाही : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांना खुलं पत्र

माननीय संपादकहो,

सहा महिन्यांपूर्वी एका वैद्यकीय नियतकालिकात माझ्याच नावाचा एक शोधनिबंध माझ्यासमोर आला. तिथे छापलेल्या एका लेखाच्या संदर्भसूचीत, एकतिसाव्या क्रमांकावर. माझं नाव, माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांची नावं, एका नामांकित जर्नलचं नाव, वर्ष, खंड, पृष्ठक्रमांक, सगळं रीतसर. विषयही माझाच: मूत्रपिंडं नीट काम करत नसलेल्या बाळांना जेंटामायसिनच्या दोन डोसांमध्ये किती तासांचं अंतर ठेवावं. तो निबंध मी लिहिलेला नाही. कुणीच लिहिलेला नाही. त्या खंडात त्या पानांवर फ्रॅक्चरवरचा दुसऱ्याच कुणाचा लेख आहे.

जेंटामायसिन हे जुनं आणि अजूनही उपयोगी प्रतिजैविक औषध. शरीरातून ते जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंदावली की औषध साचतं. साचलेलं औषध मूत्रपिंडांना आणखी इजा करतं, आणि आतल्या कानातल्या, ऐकण्यासाठी लागणाऱ्या केसपेशी मारतं. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. म्हणून दोन डोसांतलं अंतर ही आमच्या कामातली बारीकसारीक बाब नव्हे. त्या लेखात माझ्या नावाच्या आधाराने जे अंतर सुचवलं होतं, ते मी कधी, कुठेही सुचवलेलं नाही. माझ्या स्वतःच्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर अशा बाळांना ते अपुरं आहे आणि धोक्याचंही.

मी त्या संपादकांना लिहिलं. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. लेखकांनी केवळ भाषा सुधारण्यासाठी एआय साधन वापरलं होतं, तसं त्यांनी निबंधाच्या शेवटी जाहीरही केलं होतं, निष्कर्षांवर परिणाम होत नाही, त्यामुळे पुढील कारवाईची आवश्यकता नाही, असं त्यात होतं. काही दिवसांनी मी तो लेख पुन्हा उघडला तेव्हा एकतिसावा संदर्भ बदललेला होता. दुरुस्तीची सूचना नाही, तारीख नाही. माझ्या जागी आता खरोखर अस्तित्वात असलेला एक निबंध होता. तो मी मिळवून वाचला. तो प्रौढ रुग्णांवरचा आहे. आणि बाळांच्या डोसाबद्दलचं ते वाक्य जसंच्या तसं होतं.

त्या नियतकालिकाचं नाव मी घेत नाही, कारण मला त्या एकाच दारात जाऊन भांडायचं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत लेखक, समीक्षक (म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणारी) आणि वाचक अशा तिन्ही नात्यांनी मी जे पाहिलं, त्यावरून हे उत्तर कुठल्याही संपादकीय कार्यालयातून आलं असतं असं मला वाटतं. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना.

माझी भूमिका आधी सांगते. मी एआय साधनं वापरते आणि ती बंद करा असं मला म्हणायचं नाही. माझी मातृभाषा इंग्रजी नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शास्त्रज्ञांना काय किंमत मोजावी लागते, याची एक पाहणी २०२३ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त आली: भाषेच्या कारणावरून त्यांचे निबंध नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट, आणि भाषा सुधारून आणा असं सांगितलं जाण्याचं प्रमाण सुमारे साडेबारा पट. मला ते आकडे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माझे कितीतरी रविवार आर्टिकल 'द' कुठे घालायचं यात गेले आहेत. ज्या साधनाने ते रविवार मला परत दिले त्याच्याशी माझं वैर नाही.

पण याच साधनाने माझ्याच निबंधात काय केलं तेही सांगायला हवं. आमच्या एका लहान अभ्यासात दोन गटांमध्ये फरक आढळला नव्हता. रुग्ण कमी होते, त्यामुळे फरक असूनही तो दिसला नसेल ही शक्यता आम्ही उघडी ठेवली होती. मी परिच्छेद साधनाला दिला आणि 'इंग्रजी नीट कर' एवढंच सांगितलं. परत आलेला परिच्छेद सुरेख होता. त्यात लिहिलं होतं की दोन गटांमध्ये फरक नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वाक्यांमध्ये आख्खं संख्याशास्त्र उभं आहे. प्रूफ तपासताना एका सहकाऱ्याने ते पकडलं, मी नाही. तेव्हापासून 'फक्त भाषेसाठी वापरलं' हे वाक्य वाचलं की मी थांबते. वैद्यकीय लेखनात भाषा आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. 'कदाचित', 'या रुग्णांमध्ये', 'असं दिसतं' हे शब्द एखाद्या संपादनसाधनाला पाल्हाळ वाटतील. आमच्यासाठी ते मोजमाप आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार एआय वापरल्याच्या जाहीरनाम्याबद्दल. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुलं झालं आणि काही आठवड्यांतच ते शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून झळकू लागलं. तेव्हा आपण तत्परतेने पावलं उचललीत, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'ने नकार जाहीर केला, फेब्रुवारीत प्रकाशननीती पाहणाऱ्या 'कोप' समितीने भूमिका मांडली, मे महिन्यात वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, आपल्या शिफारशी बदलल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण लिहिलेल्याची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. आणि ते वापरलं असेल तर लेखकाने सांगावं.

यातलं दुसरं कलम आपण अमलात आणलंत. पहिल्या कलमामागचं कारण मात्र विसरलं गेलं. जबाबदारी यंत्राची नाही, तर मग ती कुणी घेतली हे विचारायला हवं होतं. ते न विचारता आपण लेखाच्या शेवटी एका ओळीची जागा करून दिलीत. ती ओळ भरली की सगळे मोकळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी' या जर्नलमधलं उंदराचं ते चित्र आपणा सर्वांना आठवत असेल. अशक्य शरीररचना आणि कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांची लेबलं. ते चित्र मिडजर्नी या एआय साधनाने बनवलं आहे असं लेखकांनी लपवलं नव्हतं, निबंधातच म्हटलं होतं. एका समीक्षकाने चित्रांबद्दल आक्षेपही घेतला होता. लेखकांनी त्याला उत्तर दिलं नाही आणि निबंध तरीही छापला गेला. हे प्रकाशकांनीच नंतर सांगितलं. जाहीरनामा होता, समीक्षकाची शंका होती, आणि जिने थांबवायचं ती यंत्रणा थांबली नाही. काही दिवसांत निबंध मागे घेतला गेला तो वाचकांनी आरडाओरडा केला म्हणून.

त्याच वर्षी रेडिऑलॉजीच्या एका जर्नलमधल्या केस रिपोर्टमध्ये, लेखाच्या शेवटाकडे, एक वाक्य छापून आलं. त्याचा भावार्थ असा: क्षमस्व, मी एआय भाषा मॉडेल असल्याने माझ्याकडे या रुग्णाची माहिती नाही. तो लेख नंतर हटवण्यात आला. लोक त्या वाक्यावर हसले. मला हसू आलं नाही, कारण तो लेख शस्त्रक्रियेदरम्यान यकृताच्या रक्तवाहिन्यांना इजा झालेल्या चार महिन्यांच्या एका मुलीबद्दल होता. तिच्यावरच्या उपचारातून आपण काय शिकलो हे सांगणारा परिच्छेद ना लेखकांनी वाचला होता, ना समीक्षकांनी, ना संपादकांनी, ना प्रूफ पाहणाऱ्यांनी. निदान वाचून समजून घेतला नव्हता एवढं नक्की.

दुसरी तक्रार संदर्भांची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बाळांच्या डोसाचं ते वाक्य याच वाटेने आलं.

चॅटजीपीटीसारखं भाषा मॉडेल पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवत जातं. संदर्भ ही तर अत्यंत साचेबद्ध मजकुराची जात. आडनाव, आद्याक्षरं, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पानं. या साच्यात बसणारे शब्द मॉडेलने लाखो वेळा पाहिलेले असतात, म्हणून या विषयावर लिहिणाऱ्या माणसाचं खरं नाव, त्याने लिहिलं असतं असं शीर्षक आणि ते जिथे छापून आलं असतं असं जर्नल ते बरोबर जुळवतं. तो निबंध आहे की नाही, हा प्रश्न त्या प्रक्रियेत कुठे येतच नाही. २०२३ मध्ये 'क्युरियस'मध्ये आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीने वैद्यकीय विषयांवर दिलेले ११५ संदर्भ तपासले होते. ४७ टक्के बनावट निघाले. ४६ टक्के खरे होते पण तपशील चुकीचे. खरे आणि अचूक, दोन्ही कसोट्यांना उतरणारे फक्त ७ टक्के. त्याच वर्षी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधल्या दुसऱ्या अभ्यासात जीपीटी-३.५ चे ५५ टक्के संदर्भ बनावट होते, जीपीटी-४ चे १८ टक्के.

साधनं सुधारली आहेत, आता ती इंटरनेटवर शोधून संदर्भ देतात, हे मला ठाऊक आहे. त्याने माझी काळजी कमी होत नाही. निबंध अस्तित्वातच नसेल तर तो एका मिनिटात पकडता येतो. निबंध खरा आहे पण त्यात ते म्हटलेलंच नाही, ही चूक पकडायला तो निबंध वाचावा लागतो. माझ्या जागी बसवलेला तो प्रौढांवरचा निबंध डीओआय तपासणीत, म्हणजे निबंधाचा ओळखक्रमांक पडताळताना, अगदी निर्दोष ठरेल. बनावट संदर्भ दुरुस्त झाला आणि चूक आणखी खोल गेली.

एवढ्याशा संदर्भाने काय बिघडतं, असं मला एका संपादकांनी तोंडावर विचारलं. काय बिघडतं ते वैद्यकशास्त्राने पाहिलेलं आहे, एआय येण्याच्या कितीतरी आधी. योआखिम बोल्ट या भूलतज्ज्ञाचे निबंध संशोधनातल्या गैरप्रकारांमुळे मोठ्या संख्येने मागे घेतले गेले. अत्यवस्थ रुग्णांना शिरेतून देण्याच्या हायड्रॉक्सीएथिल स्टार्च या द्रवावरच्या त्याच्या चाचण्या तोवर मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, मिसळून गेल्या होत्या. २०१३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात त्याच्या सात चाचण्या बाजूला काढल्या, तेव्हा त्या द्रवाने मृत्यूचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढतो हे दिसू लागलं. तोवर किती रुग्णांना तो दिला गेला असेल? माझ्या नावावरचा तो निबंध कुणी पुढच्या लेखात घेईल, तिथून तो एखाद्या आढाव्यात जाईल, आढाव्यातून वॉर्डातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर. रात्रपाळीचा डॉक्टर तक्ता वाचतो, संदर्भसूची नाही. त्याने ती वाचावी अशी अपेक्षाही चूक आहे. ते काम आपलं आणि माझं.

आणि एकदा छापलेली चूक परत यंत्रात जाते. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असं कुठलंही तंत्र जगात नाही. १९५० च्या दशकातल्या जुन्या छापील पानांचं डिजिटायझेशन करताना शेजारशेजारच्या दोन स्तंभांतले शब्द जोडले गेले आणि हा शब्दप्रयोग जन्मला. पुढे फारसीतून भाषांतर करताना त्याला आणखी बळ मिळालं असावं, कारण तिथे 'स्कॅनिंग' आणि 'व्हेजिटेटिव्ह' यांसाठीच्या शब्दांत एका टिंबाचा फरक आहे. आज तो भाषा मॉडेलांमध्ये रुतून बसला आहे आणि नव्या निबंधांतही उगवतो. माझ्या नावावरचं ते डोसाचं अंतरही असंच रुतून बसलं, तर ते उपटून काढायला मी कुठे जाऊ?

तिसरी तक्रार सारांशांबद्दल. ज्या डॉक्टरला दिवसाला साठ रुग्ण पाहायचे आहेत तो सारांशच वाचणार. त्यामुळे सारांशात एका शब्दाचीही हयगय परवडत नाही. 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये २०२५ साली आलेल्या एका अभ्यासात, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवरच्या दीड कोटीहून अधिक सारांशांमधल्या शब्दांच्या वापराचा मागोवा घेऊन, २०२४ मधल्या किमान १३.५ टक्के सारांशांवर भाषा मॉडेलचा हात फिरला आहे असा अंदाज मांडला आहे. किमान. आणि भाषा मॉडेल सारांश करताना काय करतात? त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात ४,९०० सारांशांचा अभ्यास आला. मॉडेलांनी केलेल्या सारांशांमध्ये निष्कर्ष वाजवीपेक्षा व्यापक होण्याची शक्यता माणसांनी लिहिलेल्या सारांशांपेक्षा जवळजवळ पाच पट होती. मराठीत सांगायचं तर 'या रुग्णांना फायदा झाला' याचं 'फायदा होतो' होऊन बसतं. भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला, 'या रुग्णांना' गळून पडलं, आणि एका चाचणीतली गोष्ट सगळ्या मानवजातीला लागू झाली. हे कुणी मुद्दाम करत नाही. वाक्य गुळगुळीत होताना ते आपसूक होतं, आणि म्हणून डोळ्यांत भरत नाही.

चौथी, समीक्षेची. गेल्या वर्षी माझ्या एका निबंधावर आलेल्या समीक्षेत तक्ता ५ मधल्या एककांची दुरुस्ती करा असं सांगितलं होतं. माझ्या निबंधात तीनच तक्ते होते. बाकीची समीक्षा गोड आणि पोकळ होती, कुठल्याही निबंधाला चालली असती. मी संपादकांना कळवलं, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि निबंध स्वीकारला. तो असा स्वीकारला जायला मला नको होता. पिअर रिव्ह्यूसाठी पाठवलेला अप्रकाशित निबंध समीक्षकाने बाहेरच्या चॅटबॉटला देणं हा विश्वासभंग आहे. त्यात रुग्णांचे तपशील असतील तर अपराधच. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदानाच्या प्रस्तावांच्या समीक्षेत असा वापर करायला मनाई केली. आपल्यापैकी अनेकांच्या नियमावलीतही ते कलम आहे. मग ते मोडणाऱ्या समीक्षकाला पुढच्या महिन्यात पुन्हा निबंध कसा पाठवला जातो? जुलै २०२५ मध्ये तर असं उघड झालं की आठ देशांमधल्या चौदा संस्थांशी संबंधित सतरा निबंधांमध्ये, आर्काइव्ह या निबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत एआय समीक्षकासाठी 'फक्त चांगलंच लिही' अशा सूचना पेरलेल्या होत्या. लेखकांनी हे केलं हे गैरच. पण समीक्षा माणूस करणार नाही याची त्यांना एवढी खात्री कशी वाटली, याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते, पण माझ्यासाठी ती लहान नाही. माझ्या एका तरुण सहकाऱ्याचा निबंध 'एआय-लिखित असल्याचा संशय' एवढ्याच कारणावरून परत आला. पुरावा काय, तर एका ओळखयंत्राने दिलेली टक्केवारी. तो निबंध त्याने माझ्यासमोर, चार महिने घासून लिहिला होता. 'पॅटर्न्स'मध्ये २०२३ साली आलेल्या एका अभ्यासात अशा सात ओळखयंत्रांना परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्यांचे ९१ निबंध दाखवले गेले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांवर त्यांनी यंत्राचा शिक्का मारला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. साधी, सावध, शाळेत शिकवलेली इंग्रजी लिहिणाऱ्यालाच ही यंत्रं चोर ठरवतात. खोटा संदर्भ छापणाऱ्याला 'कारवाईची गरज नाही' आणि खरा निबंध लिहिणाऱ्याला संशयावरून दार बंद, हा न्याय मला मान्य नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यांपैकी एकीसाठीही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

छापलेल्या लेखात काही बदललं तर ते तारखेसह, काय होतं आणि काय केलं हे सांगून, उघडपणे बदला. संदर्भ गुपचूप बदलण्याची पद्धत आजपासून बंद करा. अस्तित्वात नसलेला एक जरी संदर्भ सापडला तर लेखकांकडून सगळ्या संदर्भांचा खुलासा मागा, आणि तो येईपर्यंत लेखावर शंकेची सूचना लावा. 'निष्कर्षांवर परिणाम नाही' हे आधी ठरवून मग चौकशी करू नका.

निबंध समीक्षेला पाठवण्याआधी प्रत्येक संदर्भ अस्तित्वात आहे का हे तपासा. निबंधांच्या नोंदी ठेवणारे क्रॉसरेफ आणि पबमेड दोन्ही खुले आहेत, हे काम संगणक करेल. त्यापुढचं काम माणसाने करावं. औषधाचा डोस, दुष्परिणाम किंवा शस्त्रक्रियेची पायरी सांगणारी जी वाक्यं आहेत त्यांच्या संदर्भांचं नेमकं पान आणि ओळ लेखकाकडून मागून घ्या. अशी वाक्यं एका निबंधात फार नसतात. ज्याने मूळ निबंध वाचला आहे त्याला ती ओळ दाखवायला दहा मिनिटं पुरतात.

जाहीरनाम्याची ओळ बदला. कोणतं साधन, कोणती आवृत्ती, निबंधाच्या कोणत्या भागासाठी, हे तर असावंच. पण त्याबरोबर तो भाग मूळ नोंदींशी शब्दशः कुणी ताडून पाहिला त्या लेखकाचं नाव असू द्या. भाषा सुधारण्याआधीचा मसुदा लेखकाने जपून ठेवावा आणि मागितला तर द्यावा. रुग्णाची माहिती बाहेरच्या साधनाला दिली होती का, हा प्रश्न स्वतंत्र विचारा, आणि दिली असेल तर रुग्णाच्या संमतीचं आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीचं काय, तेही. इथे आवाजावरून मजकूर उतरवणारी साधनंही मोजा. 'व्हिस्पर' या साधनावरच्या २०२४ मधल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांमध्ये कुणी न बोललेली आख्खी वाक्यं घुसलेली आढळली होती. डॉक्टर-रुग्ण संवाद असा उतरवून त्यावर केस रिपोर्ट लिहिला जात असेल, तर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं का हे विचारायलाच हवं.

ओळखयंत्राच्या टक्केवारीवरून एकही निबंध नाकारू नका. शंका आली तर लेखकाला बोलवा, त्याच्याच निबंधावर प्रश्न विचारा. ज्याने काम केलं आहे तो उत्तर देतो.

समीक्षकांकडून, निबंध कुठल्याही बाहेरच्या साधनाला दिलेला नाही, असं लेखी घ्या. आणि दिला असं दिसलं तर त्यांना पुन्हा बोलावू नका.

शेवटची मागणी प्रकाशकांपर्यंत आपण पोचवावी. हे सगळं करायला माणसं लागतात आणि माणसांना वेळ लागतो, हे मी जाणते. मी स्वतः वर्षाला पंधरा-वीस निबंधांची समीक्षा विनामोबदला करते. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांमधले आठ हजारांहून अधिक निबंध २०२३ या एका वर्षात मागे घ्यावे लागले. निबंध विकणाऱ्या टोळ्या त्या दारातून आत आल्या, कारण दारावर कुणी नव्हतं. लेखकांकडून आणि ग्रंथालयांकडून घेतलेल्या पैशातून संदर्भ तपासणारी प्रशिक्षित, पगारी माणसं प्रत्येक वैद्यकीय नियतकालिकाने नेमावीत. जे नियतकालिक नेमू शकत नाही त्याने निबंध कमी छापावेत.

त्या लेखातल्या वाक्याबद्दल मी आता दुसरं पत्र पाठवलं आहे. सोबत या विषयावर मी खरोखर लिहिलेल्या निबंधाची प्रत जोडली आहे. बाळांसाठीचं अंतर ज्या पानावर आहे तिथे खूण केली आहे, आणि आठ दिवसांत ते वाक्य मागे घ्यावं अशी विनंती केली आहे. दरम्यान माझ्या नावावरचा तो न लिहिलेला निबंध मला आणखी दोन लेखांच्या संदर्भसूचीत सापडला. त्या दोन्ही संपादकांनाही मी लिहिलं आहे. तिघांकडून जे उत्तर येईल ते, जसं येईल तसं, मी इथेच प्रसिद्ध करेन.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, आणि आपल्यापैकी अनेकांची समीक्षक